कोठीतून ओ आली नाही

बोरखेडी, ता. दर्यापूर
सोमवार, २१ ऑगस्ट २००६

चि. नीलूले आजीचा जय भीम.

आज मी तुले दर्यापुरात पाहून आली. म्हणशीन, मी तं अकोल्यात, बुढी कोणाले पाहून आली. विचारपूस केंद्रात गजालाबाईच्या टेबलावर तो टीव्हीवानी डबा आहे ना, त्यात. ती म्हणे, हे पान अकोल्याच्या नीलममॅडमनं बनवलं. मी म्हटलं, मॅडम असन तुह्यासाठी, माह्या लुगड्यावर मुतली आहे ती. लायनीतले सारे हसले. तू रागावजो नको. आनंद झाला की माह्या तोंडाले झाकण राहत नाई. तुह्या आबाजीले विचार, म्हणजे फोटोले विचार.

जाताना काळीपिवळीत चौदा जण होतो. ड्रायव्हर म्हणे आजी मागं बस. मी म्हटलं, माही नात अकोल्यात सर्व्हर चालवते, मले पुढं बसव. त्याले वाटलं सर्व्हिस मोटर. बसवलं पुढं.

आतालोक मी तुह्या कामाचं आयकलंच होतं, पाह्यलं नव्हतं. ज्याच्या घरचं माणूस गुमसुम झालं, खात नाई, बोलत नाई, त्यानं तठी यावं, नाव सांगावं. गजालाबाई टकाटका लिहिते, आन् तीन दिवसांत अकोल्याहून तुमच्या संस्थेची दोन माणसं घरी येतीन, बसतीन, बोलतीन, लागलं तं डॉक्टरकडं नेतीन. कागद नाई, सही नाई. मी म्हटलं मले सही येते, घे ना. ती म्हणे, लागत नाई आजी, पहिले वही होती, आता बंद केली. मले वाईटच वाटलं. साक्षरता वर्गात दोन वर्षं काय बोटं मोडाले गेलती मी?

माह्या पुढं अंजनगावची हलीमाबी होती. बुरखा हातावर घडी करून, गरमी लय होती ना. तिनं मले खायचं पान दिलं, त्यांच्याच पानमळ्यातलं. म्हणे हे शेवटचं समजा, मळा वाळला. तिचा नवरा अब्दुल सत्तार, वीस वर्षं वेलींची खिदमत केली, आता मळ्याकडं पाठ करून बसते, रोटीचा तुकडा मोडत नाई. अंजनगावात सारे वळखतात म्हणून बिचारी दर्यापूरले आली. तिच्याही पुढं एक छत्रीवाला. छत्रीची काडी बाहेर आलेली, माहा डोळा वाचला. गजालाबाईनं विचारलं, कोणाचं नाव लिहू? तो म्हणे, जानराव. ती म्हणे, तुमचा कोण लागते? तो म्हणे, मीच. येडा बाप्पा, सोताचंच नाव लिहून आला. पण डब्याच्या पाटीवर धन्यवाद आलं तं असा हासला. म्हणे मले कोणी धन्यवाद म्हटलं नाई आतालोक. मंग चिंचोली फाट्याच्या मोटरीत बसला.

मंग मी. मी आपल्या खुशालराव सुताराचं नाव दिलं, माह्या माणिकबाईच्या नवऱ्याचं. तुले आठवते ना माणिक, वर्गात माह्या बाजूले बसे, तिची सासू ओरडे तरी बसे. आपल्या विहाराची चौकट खुशालरावनंच केली, मजुरी घेतली नाई. आता गावात बैल राहिले किती? बैल नाई तं बंडी नाई, वखर नाई, तिफन नाई. जुन्या बंड्या लोकांनी चुलीत घातल्या. त्याच्या हातच्या बंड्या, त्याच्या डोळ्यापुढं. आखाडीपासून तो बोलत नाई. परवा पोळा, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, दरसाल लेकराईसाठी लाकडाचे नंदी करे, चाकं लावून. यंदा एक नाई.

मंग ती पाटी आली आन् मी सोता वाचली, बोट ठेवून: "आपली नोंद मिळाली. धन्यवाद. तीन दिवसांत आमची माणसं येतील." माह्या नातीचं अक्षर. मले रडूच आलं, खुशीचं.

घरी आली तं माणिकचा भाऊ उत्तमराव आलेला, भाऊजीले अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात नेतो म्हणे. मी म्हटलं, कायले त्या लायनीत उभं करता, माह्या नातीची माणसं घरी येऊन राहिली. थांबा तीन दिवस. थांबले. माह्या शब्दाले मान आहे गावात, तुह्यामुळं.

जेवत जाजो.

तुही आजी,
सुंदराबाई (सही केली, पाहून घेजो)


अकोला
२५ ऑगस्ट २००६

प्रिय आजी, जय भीम.

तुझं पत्र डबा खाता खाता वाचलं. लुगड्याचं वाक्य मी जिब्रानभाईंना वाचून दाखवलं नाही, पण त्यांनी पाठीमागून वाचलंच. आता सगळं ऑफिस मला विचारतं.

तू म्हणतेस ते पान म्हणजे एकटं यंत्र नाही. दोन आहेत. एक वेब सर्व्हर, ते दारात बसलेलं समज. कोणी आलं की त्याचं ऐकून घेतं, त्याच्याशी बोलतं. दुसरं डेटाबेस सर्व्हर, ते कोठीत. दारातल्यानं सांगितलेलं ते नीट रचून ठेवतं. आधी दोन्ही कामं एकच यंत्र करायचं, पण गावं वाढली, म्हणून १७ तारखेला जिब्रानभाईंनी कोठीसाठी नवं यंत्र आणून शेजारच्या खोलीत ठेवलं. ते मी स्वतः तपासलं. मस्त चालतंय.

माणिकबाईंना सांग काळजी करू नका. जिब्रानभाई म्हणत होते, पोळ्यामुळे या आठवड्यात यादी हलकी आहे, म्हणजे तुमच्याकडे वेळेवर येतील. कदाचित हे पत्र पोचेपर्यंत येऊनही गेलेले असतील.

गडबडीत आहे. तुझी मधली पानं नुसती चाळलीत, रविवारी निवांत वाचते.

तुझी,
नीलम


बोरखेडी
मंगळवार, २९ ऑगस्ट

चि. नीलूले जय भीम.

तुहं पत्र नत्थुजी पोस्टमननं काल हातात दिलं. तो म्हणे, सुंदराबाई, तुले पत्र येते आन् मले घाम येते. मी त्याले पाणी पाजलं. दारातली आन् कोठीतली, लय चांगलं समजावलं तू. आमच्या माहेरी अशाच दोन जावा होत्या. धाकटी दारात पावण्याशी गोड बोले, मोठी कोठीत दाणे मोजे. दोघींची भांडणं झाली की पावण्याले चहा मिळे नाई, पण धाकटी म्हणे, बसा बसा, येतेच चहा. बसला पावणा दिवसभर.

माणसं आली नाईत अजून. आठ दिवस झाले. तुमचा रस्ता खराब असन, पुलावर पाणी होतं मधात.

खुशालरावची गोष्ट सांगते. त्याले माणिकनं सांगतलं होतं, अकोल्याहून पावणे येऊन राहिले तुम्हाले भेटाले. तं दुसऱ्या दिवशी त्यानं दाढी केली. आपल्या हातानं. माणिक धावत माह्याकडं आली सांगाले, मी चुलीवरची भाकर जाळली. धुतलेला शर्ट घालून तो फाट्याच्या पारावर जाऊन बसला. संध्याकाळी घरी आला आन् माणिकले विचारलं, "आले का?" दीड महिन्यांत पहिला शब्द. आमी दोघी पोरीवानी नाचलो.

तवापासून रोज. सकाळी शर्ट, मंग पार, संध्याकाळी विचारते, आले का. माणिक म्हणते उद्या येतीन. परवापासून विचारणं बंद झालं. शर्ट घालते, बसते, येते. उत्तमराव रागारागानं अमरावतीले निघून गेला. म्हणे, तुमच्या त्या म्हातारीच्या नातीनं नेऊ देलं नाई. मी ते मनावर घेतलं नाई.

मी माणिकले रोज विचारते, कसं आहे? ती म्हणते बरं आहे. आपल्याच घरात बसून पाह्यलं की सारं बरंच दिसते.

तुह्या त्या दोघी बोलतात ना एकमेकींशी? सहज विचारलं. तू हुशार आहे, तुले माहीत असन.

आजी


अकोला
१ सप्टेंबर २००६

आजी, जय भीम.

तुझं पत्र काल मिळालं आणि मी जेवणावरून उठून यादी उघडली. खुशालरावांचं नाव नाही. दर्यापूरचं एकही नाव नाही. १७ तारखेनंतर कुठल्याच तालुक्याचं एकही नवं नाव नाही.

तू सहज विचारलंस ते खरं निघालं. दोघी बोलत नव्हत्या.

कसं सापडलं ते सांगते, तुला आवडतं म्हणून. कोठीतलं यंत्र चालू होतं. केबल जागेवर, दिवे लुकलुकत होते. दारातल्या यंत्रावरून नुसती हाक मारून पाहिली, तर ओ येत होती, म्हणजे घर जागं आहे. पासवर्ड बरोबर. तरी निरोप आत जाईना. जिब्रानभाई म्हणत, माझ्याकडे तर चालतंय. माझ्याकडेही चालत होतं. मी १७ तारखेला तपासलं तेव्हाही चाललं होतं. शेवटी लक्षात आलं, आम्ही दोघंही कोठीतल्या यंत्रापुढेच बसून तपासत होतो. नवं यंत्र बसवलं की त्याला एक ओळ लिहून सांगावं लागतं की बाहेरच्याचं ऐक. ती लिहायची राहिली होती. तोवर ते फक्त स्वतःच्या घरातला आवाज ऐकतं. आम्ही घरात बसून बोलत होतो, म्हणून आमचं ऐकत होतं. दारातून आलेल्याला बिनबोलता परत पाठवत होतं. पंधरा दिवस.

एक ओळ, आजी. लिहायला मिनिट लागलं नाही.

आता चालतंय. या वेळी मी दारात बसून तपासलं. खुशालरावांचं नाव मी स्वतः घातलं आणि उद्या सकाळी आमची दोन माणसं मोटरसायकलनं निघतायत. हे पत्र पोचायच्या आधी ती पोचतील. माणिकबाईंना सांग, उशीर झाला, पण येतायत.

नीलम


बोरखेडी
बुधवार, ६ सप्टेंबर

चि. नीलूले अनेक आशीर्वाद.

आली बरं तुमची माणसं. चांगली पोरं होती, एकाच्या डोक्यावर टोपी. मी फाट्यावरच भेटली त्याईले. गावात यायची गरजच पडली नाई. खुशालरावले बरं आहे आता. उत्तमराव येऊन अमरावतीले घेऊन गेला. पोरांनी वहीत लिहून घेतलं, बरा आहे. मी त्याईले शेंगदाणे देले खिशात भरून आन् परत लावलं. उन्हाचं कायले बसवाव.

तू आता त्या गोष्टीचा ईचार करू नको. सापडलं ना तुले, बस. इतक्या मोठ्या मोठ्या साहेबांले सापडलं नाई, माह्या नातीले सापडलं. मी विहारात सांगतलं साऱ्यांले. वर्षावास सुरू आहे, रोज बाया जमतात, मी तुही एक ओळीची गोष्ट सांगतली तं समद्या तोंड उघडं ठेवून राहिल्या.

कपाशीवर लाल्या आला आहे. आपल्या बकरीनं दोन पिलं देली, एक पांढरं एक काळं, काळं लय बदमाश. शेजारच्या कमलीचं लग्न जुळलं. दुपारी मी माणिकजवळ बसते रोज, तिले एकटं बरं वाटत नाई. तिनं मले रंधा देला खुशालरावचा. म्हणे घेऊन जा, घरात नको. पटाशी आन् करवत दुसऱ्या सुताराले देली. मी रंधा देवळीत ठेवला आहे आबाजीच्या फोटोजवळ. जड आहे लय. मूठ घासून घासून माणसाच्या हातावानी झाली.

येत्या धम्मचक्र दिनाले तुह्याकडं अकोल्याले यावं म्हणते. पन्नास वर्षं झाली दीक्षेले, तुह्या आबाजीनं पाह्यलं असतं तं. तब्येत बरी राहिली तं येईन.

हासत राहाजो.

आजी


अकोला
११ सप्टेंबर २००६

आजी,

दवाखान्यात गेलेल्या सुताराचा रंधा कोणी वाटून टाकत नाही.

मी तुझं पत्र चार वेळा वाचलं. आमच्या यादीत खुशालरावांपुढे "बरा आहे, भेटीची गरज नाही" असं लिहिलंय. तू सांगितलंस म्हणून. मला खरं सांग.

मीही तुला सगळं सांगितलं नव्हतं. तू बोट ठेवून वाचलंस ना, "आपली नोंद मिळाली, धन्यवाद", ते वाक्य माझं आहे. आधी कुठे अडलं तर पानावर लाल इंग्रजी अक्षरं यायची, आणि केंद्रातली माणसं घाबरून उठून जायची. साहेब म्हणाले, काहीतरी बरं लिही. मी ते असं बसवलं की दारातल्या यंत्रानं ऐकून घेतलं की लगेच धन्यवाद. कोठीतून ओ आली की नाही, त्याची वाट न पाहता. ती एक ओळ जिब्रानभाईंकडून राहिली. पण ओ नसताना धन्यवाद म्हणणं, ते मी केलं. तुझ्या माहेरच्या त्या धाकट्या जावेसारखं. बसा बसा, येतोच चहा.

आणि तुझं पहिलं पत्र माझ्या हातात होतं. तू नाव दिल्याचं त्यात लिहिलं होतं. जिब्रानभाई समोर बसून म्हणत होते यादी हलकी आहे. मी दोन्ही ऐकलं आणि जोडलं नाही.

त्या पंधरा दिवसांत चौतीस जणांनी नावं दिली. दारातल्या यंत्राकडे फक्त वेळा उरल्यात. कुठल्या केंद्रातून, किती वाजता. नावं नाहीत. वही तर आम्हीच बंद केली होती. गजालाताईंना काही आठवत नाही, त्या दिवसभर टाइप करतात.

२१ तारखेला दर्यापूरहून तीन नोंदी आहेत: ११:३२, ११:४०, ११:५१. तिसरी तू. उरलेल्या दोघांसाठी मी तुझं पहिलं पत्र पुन्हा काढलं आणि या वेळी ओळ न ओळ वाचलं. हलीमाबी, अंजनगाव. जानराव, चिंचोली फाटा. चौतिसांपैकी आमच्याकडे एवढीच नावं आहेत, आणि ती तुझ्या बडबडीत होती, जी मी रविवारी निवांत वाचणार होते.

आजी, अजून काय आठवतं? घर कुठे, रंग, खुणा, काहीही. लवकर लिही. आणि खुशालरावांचं लिही.

नीलम


बोरखेडी
शुक्रवार, १५ सप्टेंबर

नीलू पोरी,

पहिले कामाचं. हलीमाबीचं घर अंजनगावात मशिदीच्या अलीकडं, सायकलवाल्याच्या दुकानाच्या बोळीत, दाराले हिरवा रंग. ती म्हणे यंदाच देला, ईदीले. तिची मोठी पोरगी नगमा, तिचं लेकरू अंगावर पिते. सत्तारचा आवाज बसलेला आहे, तं त्याले दोनदा विचारा लागते. जानराव: उंच, डाव्या कानाले भोक, कपाळावर जुनी खोक. त्यानं बांधाच्या विहिरीचं नाव काढलं होतं, म्हणे आमच्या घरामागंच आहे. गळ्यात माळ नाई. छत्री काळी, मूठ लाकडाची, मुठीले पितळी कडं. एकटा राहत असन, कारण गजालाबाईनं विचारलं घरी कोण, तं तो म्हणे, छत्री. आमी हासलो बाई. मीच जास्त हासली.

आता दुसरं.

तुले पत्र टाकलं त्या मंगळवारी, त्याच्या दुसऱ्या दिवशी खुशालराव गेला. त्या दिवशी त्यानं शर्ट घातला नाई. माणिकले वाटलं, आज नाई बसत पारावर, बरं झालं, आराम करन. ती पाणी भराले गेली. आली तं झालं होतं. फवारणीची बाटली कोणाच्या घरात नसते पोरी आजकाल.

तुमची पोरं तिसऱ्या दिवशी आली. माणिकच्या दारात सारे सोयरे बसले होते. मी मोटरसायकल लांबूनच पाह्यली आन् धावत सुटली, ह्या वयात, फाट्यापर्यंत. त्याईले अडवलं. मले वाटलं हे आत गेले की पाहतीन, आन् अकोल्यात जाऊन सांगतीन, आन् माही नात काय करन. मी हासून सांगतलं बरं आहे. शेंगदाणे देले. लय गोड बोलली मी. तुह्या पाटीवानीच.

तू सोताले काही लावून घेऊ नको असं लिहाव म्हणून बसली होती, पण लिहता येत नाई. तुहं तुले माहीत. माहं मले माहीत आहे. उत्तमराव गाडी सांगून आला होता, मी त्याले थांबवलं. तुहं यंत्र खोटं बोललं असन, पण गावानं यंत्रावर भरोसा नाई ठेवला. माह्यावर ठेवला.

माणिकले वाटते तुमची माणसं आलीच नाईत, बस. मी थांबवलं नसतं तं काय, हे ती म्हणाली नाई. उत्तमराव म्हणते. मले समोर पाहून तोंड फिरवते. माणिक मात्र मले जवळ बसवते, रंधा देते. तो रंधा देवळीत ठेवून मले झोप नाई. आन् ते शेंगदाणे तिनंच देलते मले, माहीत आहे का. घरी पावणे येतीन म्हणून भाजून ठेवलेले.

मी उद्यापासून दर्यापूरले जाते. गजालाबाईच्या बाजूले बसीन. वही घेतली आहे, दोनशे पानी. जो येईन त्याचं नाव, गाव, खूण, सारं मी लिहीन, डब्याच्या पहिले. सही माही.

आजी


अकोला
२३ सप्टेंबर २००६

आजी, जय भीम.

हिरवं दार सापडलं. अब्दुल सत्तार जिवंत आहेत. हलीमाबी जिब्रानभाईंना पाहून म्हणाल्या, महिना झाला, मी रोज दोन वाट्या डाळ जास्त शिजवते, मेहमान येतील म्हणून. सत्तारभाईंना अकोल्याला आणलंय, डॉक्टरांकडे. काल त्यांनी थोडी खिचडी खाल्ली. दोनदा विचारावं लागतं, तू म्हणालीस तसंच.

चिंचोली फाट्याला विहिरीमागचं घरही सापडलं. दाराला कडी, कुलूप नाही. पोळ्यानंतर जानरावांना कोणी पाहिलेलं नाही. कुठे गेले कोणाला ठाऊक नाही. छत्री आत खुंटीला होती. पितळी कडं असलेली.

उरलेल्या एकतीस जणांचं काहीच नाही. आम्ही प्रत्येक केंद्रावर पाटी लावली आहे, ऑगस्टमध्ये नाव दिलं असेल तर पुन्हा या. सहा जण आले.

पानावरचं वाक्य मी काढलं. आता नाव दिलं की पान कोरं राहतं, थांबतं. कोठीतून ओ आली तरच अक्षरं येतात. मी लिहिलंय, "ओ आली." साहेब म्हणाले हे काय गावठी. मी म्हटलं राहू द्या. आणि वह्या परत सुरू झाल्या, सगळीकडे.

यादीत खुशालरावांपुढचं "बरा आहे" मी खोडलं. खरं लिहिलं.

माणिकबाईंना तू सांगणार आहेस का? मी येऊ का तुझ्यासोबत?

नीलम


बोरखेडी
शुक्रवार, २९ सप्टेंबर

नीलूले जय भीम.

येऊ नको. मी सांगून आली.

सोमवारी दुपारी रंधा घेऊन गेली. तिच्यापुढं ठेवला आन् सांगतलं, माणिक, तुह्या भावानं गाडी सांगतली होती, मी थांबवलं. माणसं आली होती, मीच फाट्यावरून परत लावली, तुह्या शेंगदाण्यांसकट. ती निवडत बसली होती, तूर. निवडणं थांबलं. मले वाटलं मारन, शिव्या देईन, त्याची तयारी होती. तिनं रंधा उचलला, मूठ पुसली पदरानं, आन् आत गेली.

तवापासून रोज जाते. दर्यापूरहून येताना उतरते आन् तिच्या अंगणात उभी राहते, हाक मारते. माणिक. दार उघडं असते. चूल पेटलेली, धूर निघते. आतून भांड्याचा आवाज येते. तू लिहिलं होतं तसंच सारं पाह्यलं मी, एक एक. घर जागं आहे. सारं जागेवर आहे. ओ येत नाई. लोक पाहतात, म्हणतात बुढी कायले उभी राहते उन्हात. मी म्हणते, जोडून पाहते.

दसऱ्याले अकोल्याले यायचं जमन नाई यंदा. पन्नासावं वर्ष आहे, माहीत आहे. पण एक दिवस चुकला तं तिले वाटन मी थांबली.

वहीत आतालोक अठरा नावं झाली. गजालाबाई म्हणते, आजी तुमचं अक्षर माह्या टायपिंगपेक्षा हळू, पण लोक तुमच्याजवळच बसतात. काल एका बाईनं नाव देलं आन् पाटीकडं पाहतच राहिली. कोरी पाटी. मंग आलं, ओ आली. ती म्हणे, कोणाची ओ? मी म्हटलं, माह्या नातीची.

आज हाक मारली तं भांड्याचा आवाज थांबला. मी थांबली. ओ नाई आली. पण आवाज बराच वेळ थांबलेला होता.

उद्या पुन्हा जाईन.

तुही आजी,
सुंदराबाई